खाटकाच्या हातांचे फोटो: मटणाच्या दुकानात कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

मटणाच्या दुकानातले बहुतेक फोटो एका साच्यातले असतात. मागे आकड्याला टांगलेलं बकरं, पुढे रक्ताळलेला ठोकळा, मध्ये सत्तूर उगारून कॅमेऱ्याकडे बघणारा माणूस. त्यात खाटकाचं कसब कुठेच दिसत नाही. मुरलेला खाटीक सत्तूर फार वर नेतच नाही. त्याचं निम्म्याहून जास्त काम सुरीच्या टोकाने, सांधा चाचपून, जवळजवळ आवाज न करता होतं. ते फोटोत आणायचं तर बकरं कोणत्या क्रमाने सुटतं हे आधी कळायला हवं. शटर स्पीडचा विचार नंतर. इथे शेळी-बोकडाचं मटण विकणारं महाराष्ट्रातलं नेहमीचं दुकान डोळ्यांपुढे ठेवलं आहे.

कधी जायचं

रविवार, बुधवार, शुक्रवार हे मटणाचे वार. रविवारी सकाळी सात ते अकरा दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि त्या वेळी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणं म्हणजे धंद्याच्या मध्ये येणं. गटारी, धुळवड आणि संक्रांतीनंतरची किंक्रांत हे तर ओळख झाल्यावरच जायचे दिवस. पहिली भेट सोमवारी किंवा गुरुवारी घ्या. दुकान उघडं असलं तरी गिऱ्हाईक तुरळक असतं आणि बोलायला सवड मिळते. श्रावणात तर बऱ्याच दुकानांत माणूस अक्षरशः माश्या मारत बसलेला असतो. ओळख करून घ्यायला, हत्यारांचे आणि निवांत चेहऱ्यांचे फोटो काढायला याहून चांगला महिना नाही. गांधी जयंती, महावीर जयंती यांसारख्या दिवशी अनेक शहरांत मटणाची दुकानं बंद ठेवायचा आदेश असतो, तेव्हा जाण्याआधी चौकशी करा.

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. अर्धा किलो मटण घ्या, ते कसं कापलं जातं ते नीट बघा, आणि निघताना विचारा.

कोणाला विचारायचं

मालकाने ‘काढा की’ म्हटलं म्हणजे झालं असं नाही. ठोकळ्यावर बसलेला कारागीर पुष्कळदा वेगळा असतो, आणि फोटो त्याच्या हातांचा व चेहऱ्याचा निघणार असतो. त्याला वेगळं विचारा: ‘दादा, तुमचं काम चालू असताना हातांचे फोटो काढू का? चेहरा आला तर चालेल का?’ वयाने मोठ्यांना मामा, चाचा, काका, जे त्या गल्लीत चालतं ते. हातांना हो आणि चेहऱ्याला नाही असं उत्तर बऱ्याचदा मिळतं, आणि त्या उत्तराने कामात काही कमी पडत नाही. गिऱ्हाइकांचे चेहरे टाळा. कोण कोणत्या वारी मटण घेतो हे सोसायटीत कळू नये असं वाटणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत.

महापालिकेच्या कत्तलखान्यात, मग तो मुंबईतला देवनार असो की लहान शहरातला, लेखी परवानगीशिवाय आत जाता येत नाही. ओळखीतून शिरण्याचा प्रयत्न करू नका. अंगलट येईल ते आत सोडणाऱ्या माणसाच्या. गावच्या जत्रेत पंच, ज्यांचं बकरं आहे ते घर आणि बकरं कापणारा खाटीक किंवा मुलाणी (गावात बकरं हलाल करून देणारा), असं तिघांना विचारावं लागतं.

प्रत्यक्ष बकरं कापण्याचा क्षण नवख्याने टिपूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण व्यावहारिक आहे. त्या वेळी जनावर शांत असावं लागतं आणि सुरी एकाच ओढीत फिरावी लागते. अनोळखी माणूस पुढे आला, शटर वाजलं, फ्लॅश चमकला, की जनावर बुजतं, झटका देतं, आणि सुरी भलतीकडे जाते. त्यात हाल जनावराचे आणि जखम माणसाला. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही असं कत्तलखान्यांसाठीचे २००१ चे केंद्रीय नियम सांगतात. तिथे बघ्यांची गर्दी तर मुळीच नको. शिवाय खाटकाचं दिसण्याजोगं कसब त्याच्या पुढेच सुरू होतं.

बकरं कसं सुटतं

हा क्रम पाठ असला की पुढची हालचाल अर्धा सेकंद आधी कळते, आणि चांगला फोटो त्या अर्ध्या सेकंदातच असतो.

*सोलणं.* बकरं मागच्या पायाच्या शिरेत आकडा अडकवून उलटं टांगतात. मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूने सुरीची एक रेघ जाते आणि मग सुरी जवळजवळ बाजूलाच राहते. पुढचं कातडं मुठीने सुटतं. डाव्या हाताने कातडं ताणून धरायचं, उजव्या हाताची मूठ मांस आणि कातडं यांच्या मध्ये दाबत खाली न्यायची. सुरीने सोललं तर कातड्याला चीर पडते आणि त्याचा भाव उतरतो, मांसालाही ओरखडे येतात. फोटो इथे आहे: ताणलेलं कातडं, बुडालेली मूठ, आणि मधला तो ओलसर पांढरा पडदा. बाजूने उजेड आला तर पडदा चमकतो. समोरून फ्लॅश मारला तर सगळंच सपाट दिसतं.

*पोट उघडणं.* सुरीचं पातं बाहेरच्या बाजूला आणि टोकाच्या मागे बोट, अशी पकड असते, म्हणजे आतड्याला टोक लागत नाही. आतडं फुटलं तर मटण खराब होतं, म्हणून इथे खाटीक बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. यानंतर कलेजी निघते आणि तिला चिकटलेली हिरवट पित्ताची पिशवी चिमटीत धरून अलगद सोडवली जाते. ती फुटली तर कलेजी कडू. दोन बोटं, अंगठ्याएवढी पिशवी आणि सुरीचं टोक: अख्ख्या कामातली ही सगळ्यात नाजूक चौकट आहे आणि ती चार-पाच सेकंदांत संपते. कलेजी बाहेर आली की फोकस आधीच बोटांवर आणून ठेवा.

*दस्त आणि मांडी.* पुढचा पाय, म्हणजे दस्त, धडाला हाडाने जोडलेला नसतो, नुसत्या मांसाने धरलेला असतो. म्हणून तो सत्तुराशिवाय, सुरीच्या दोन-तीन ओढींत निघतो. मागच्या मांडीत मात्र खुब्याचा सांधा असतो. खाटीक मांडी मागे दाबतो, सांधा उघडतो, वाटीतून गोळा थोडा वर येतो आणि सुरीचं टोक आत जाऊन शीर कापतं. फोटो सांधा उघडण्याच्या वेळचा घ्या. पाय सुटून हातात आल्यावरचा फोटो कोणीही काढेल.

*ठोकळ्यावरचं काम.* सत्तूर इथे येतो. पाठीचा कणा फोडणं, सीना (छातीचा भाग) आणि चापा (बरगड्या) पाडणं, नळी तोडणं. नळी एकाच घावात तुटली पाहिजे. दोन घाव पडले की हाडाची कणी मटणात जाते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक भांडायला येतं. घाव मनगट आणि कोपरापुढच्या हाताने बसतो, सत्तूर जेमतेम वीतभर वर जातो. ‘जरा वर उचला ना’ असं सांगून काढलेला फोटो कोणत्याही खाटकाला लगेच ओळखू येतो, आणि तो त्यावर हसतो. ठोकळ्यासाठी चिंचेचं खोड नावाजलेलं, कारण ते चिवट असतं आणि त्याच्या ढलप्या निघत नाहीत. वर्षानुवर्षांच्या घावांनी मध्ये पडलेली त्याची वाटी हा स्वतंत्र फोटोचा विषय आहे.

*खिमा.* काही दुकानांत अजून दोन सत्तुरांनी हातखिमा होतो. दोन्ही हात आळीपाळीने चालतात, ताल ठरलेला असतो. इथे हालचाल गोठवू नका, वाहू द्या.

कुठे उभं राहायचं

उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या-पुढच्या कोपऱ्यातून दोन्ही हात आणि पातं दिसतं. उजवीकडून कोपर आडवं येतं. त्याच्या पाठीशी, उजव्या खांद्यामागे तर कधीच उभं राहू नका. कोपर मागे येतं आणि त्याला तुम्ही तिथे आहात हे माहीत नसतं.

सत्तूर चालू असताना किमान दीड मीटर अंतर ठेवा. हाडाच्या कण्या डोळ्यात जाण्याइतक्या वेगाने उडतात. चष्मा नसेल तर साधा पारदर्शक गॉगल घाला. लेन्सवर यूव्ही फिल्टर, म्हणजे पुढे बसणारी साधी काच, लावा. एरवी त्याची गरज असते की नाही यावर वाद घालता येईल, इथे नाही.

गिऱ्हाइकाच्या उंचीवरून फोटो काढला तर ठोकळ्याचा वरचा भाग आणि डोक्याचा शेंडा येतो. गुडघा टेकून लेन्स ठोकळ्याच्या पातळीला आणा. पातं मांसाला कुठे टेकतं, डाव्या हाताची बोटं घावापासून किती दूर आहेत, हे सगळं त्या पातळीवरूनच दिसतं. फरशी चरबीने निसरडी असते, तेव्हा रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट हवेत. गळ्यातला पट्टा लोंबून ओट्यावरच्या मटणाला लागतो, म्हणून मनगटाचा पट्टा वापरा. बॅग ओट्यावर ठेवू नका, पाठीवरही नको; कमरेची छोटी पुरे.

कॅमेऱ्याची सेटिंग

फुल फ्रेमवर ३५ आणि ५० मिमीच्या दोन लेन्स पुरतात. हत्यारं आणि बोटं जवळून हवी असतील तर ८५ मिमी. ५० मिमी लेन्स, दीड मीटर अंतर आणि एफ/४ (लेन्सचं छिद्र किती उघडं याचा आकडा; लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र) असेल तर साधारण २० सेंमी खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येतं, एफ/१.८ वर तेच १० सेंमीच्या आसपास उरतं. दोन हात आणि पातं एकत्र धरायचे तर एफ/४ च्या खाली जाऊ नका. मागचा पसारा धूसर करण्याच्या नादात डावा हात धूसर होतो, आणि सगळं कसब तर त्याच हातात असतं.

शटर असं ठरवा:

- सुरीचं काम: १/२५० ते १/५००
- सत्तूर मांसाला टेकण्याचा क्षण: १/१००० ते १/२०००
- सत्तूर वर जाऊन थांबतो तो क्षण: १/२५० पुरतं, कारण तिथे पातं क्षणभर स्थिर असतं
- दोन सत्तुरांचा खिमा: १/३० ते १/६०, कॅमेरा ओट्याला न टेकता कोपरं पोटाशी घट्ट

दुकानाच्या रस्त्याकडच्या बाजूला सकाळच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० वर काम भागतं. आतल्या बाजूला ३२०० ते ६४०० लागेल. थोडा दाणा आला तर येऊ द्या, हललेला फोटो मात्र सावरता येत नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. १/१००० वर सलग फोटो घेतले तर एक उजळ, एक काळपट, एकावर आडवा पट्टा असं होतं. तपासायला दहा फोटोंची एक फैर घ्या आणि ओळीने बघा. फरक दिसला तर तीन मार्ग आहेत: १/१०० किंवा १/५० वर काढा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तो चालू करा, नाहीतर दिव्याखालून सरकून रस्त्याच्या उजेडात या. तिसरा मार्ग सगळ्यात चांगला, म्हणून दुकान निवडतानाच दर्शनी बाजूला ठोकळा असलेलं निवडा. मूक इलेक्ट्रॉनिक शटर या दिव्यांखाली आणखी पट्टे पाडतं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत वेगाने खाली येणारं पातं वाकडं दाखवतं. इथे यांत्रिक शटरच बरं.

चेहरा ओळखणारा ऑटोफोकस बंद करा. तो बोटं सोडून दर वेळी खाटकाच्या डोळ्यांवर उडी मारतो. एकच फोकस बिंदू घ्या आणि तो डाव्या हाताच्या बोटांवर ठेवा. सलग फैर झाडायचा मोह आवरा. घावाला लय असते: दोन-तीन घाव नुसते ऐका, मग चौथ्याच्या किंचित आधी बटण दाबा.

एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा. पांढऱ्या फरशा चौकटीत आल्या की कॅमेरा फोटो काळा करतो, आतला अंधार आला की पांढरा. त्यातही लाल रंगावर लक्ष हवं. ताज्या मटणात लाल चॅनेल बाकीच्यांच्या आधी भरतो आणि मांसाचे धागे जाऊन नुसता लाल डाग उरतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही हे होतं, म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा. लाल उजव्या कडेला आदळत असेल तर एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉपने कमी करा. ओल्या पात्यावरची चमक पांढरी फुटली तर फुटू द्या, तिथे तपशील नसतोच.

रंग

बाहेर लाल किंवा निळी ताडपत्री असेल, किंवा मटण तजेलदार दिसावं म्हणून गुलाबी झाकेचे दिवे लावले असतील, तर ऑटो व्हाइट बॅलन्स हमखास चुकतो. रॉमध्ये (रंग नंतर दुरुस्त करता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि सुरुवातीला ओट्याजवळ ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, धरून एक फोटो घ्या. कार्ड नसेल तर बकऱ्याची चरबी बघा. ती पांढरीशुभ्र असते. फोटोत पिवळी किंवा गुलाबी दिसली तर रंग चुकलाय असं समजा. नुकतं कापलेलं मटण किंचित जांभळट असतं आणि हवा लागली की अर्ध्या तासात लालबुंद होतं. त्यामुळे एकाच मांडीच्या दोन फोटोंत रंग वेगळा दिसला तर तो ‘सुधारू’ नका. संपादनात लालचं सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी १०-१५ ने कमी करून बघा. बहुतेक वेळा फोटो तिथेच बसतो.

पालिकेच्या कत्तलखान्यातून आलेल्या धडावर पशुवैद्यकाच्या तपासणीचा शिक्का असतो. तो चौकटीत येऊ द्या.

फक्त मोबाइल असेल तर

मोबाइलनेही चांगलं काम होतं, पण तीन गोष्टी बंद करा: पोर्ट्रेट मोड, कारण तो पात्याची कड पार्श्वभूमी समजून पुसतो, एचडीआर, कारण तो अनेक फोटो जोडून एक करतो आणि हलणारं पातं दोनदा उमटतं, आणि आपोआप रंग भडक करणारी सोय. स्क्रीनवर खाटकाची बोटं दिसतात तिथे आपलं बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. झूम करू नका, पुढे सरका, पण दीड मीटरच्या आत नको.

माणसाला घाईत पाडू नका

पातं हलत असताना ‘इकडे बघा’ म्हणणं म्हणजे त्याचं बोट धोक्यात घालणं. चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर तो धार लावत असताना, वजन करत असताना किंवा गिऱ्हाइकाशी बोलताना घ्या. ‘रश्श्याला देऊ की सुक्याला?’ असं विचारतानाचा चेहरा ओढूनताणून आणलेल्या हसण्यापेक्षा कितीतरी खरा असतो. मिश्र मटण देताना थोडं चापेचं, थोडं सीन्याचं, एक नळी, मांडीचे दोन तुकडे अशी वाटणी हात न थांबता होते. एका गिऱ्हाइकाचं पूर्ण माप सात-आठ फोटोंच्या मालिकेत उत्तम बसतं. गर्दी वाढली की आपण होऊन बाहेर या.

फोटो बाहेर टाकताना

मथळ्यात ‘शेळी’ किंवा ‘बोकड’ हे स्पष्ट लिहा, प्रत्येक फोटोखाली. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि नाव नसलेला मटणाचा फोटो उचलून त्याला भलताच अर्थ चिकटवणारे लोक आहेत. त्याची झळ तुम्हाला नव्हे, त्या दुकानाला बसते. फाइलमधली लोकेशनची नोंद काढून टाका. पाटीवरचा फोन नंबर, पावती, उधारीची वही चौकटीतून कापा. नाव आणि ठिकाण द्यायचं की नाही, व्यवसायाचा उल्लेख कसा करायचा, हे त्यालाच विचारा. निवडलेले फोटो टाकण्याआधी दाखवा आणि त्याने नको म्हटलेला काढून टाका. सहा बाय आठ इंचाचे दोन प्रिंट नेऊन द्या. पुढच्या वेळी परवानगी मागावी लागत नाही.

घरी आल्यावर

चपला-बूट बाहेर, हात साबणाने कोपरापर्यंत. कॅमेरा हातात असताना तोंडाला हात लावणं टाळायची सवय दुकानातच लावून घ्या. ब्रुसेलोसिससारखे आजार शेळ्यांकडून माणसाला होऊ शकतात. हाताला आधीच जखम असेल तर ती झाकून जा.

रक्ताचा शिंतोडा थंड पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसा. गरम पाण्याने तो घट्ट बसतो. चरबी मात्र नुसत्या पाण्याला दाद देत नाही. बॉडीवरची चरबी काढायला सौम्य साबणाचं पाणी कापडाला लावून ते पिळून घ्या, मग कोरड्या कापडाने पुसा. फिल्टर काढून वेगळा धुवा. बटणांच्या फटीत मऊ ब्रश फिरवा. शीतगृहात काम केलं असेल तर कॅमेरा तिथेच हवाबंद पिशवीत घालून बाहेर आणा आणि बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत, साधारण अर्धा-पाऊण तास, उघडू नका. नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं आणि पावसाळ्यात त्याची बुरशी होते. मनगटाचा पट्टा कापडी असेल तर साबणाच्या पाण्यात भिजत टाका, चामड्याचा असेल तर पुढच्या वेळी कापडी घ्या.